एका क्रियापदाचे देणे

दोन दगडांवर पाय ठेवू नये, असे मराठीत म्हणतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचे पाय रोज चार दगडांवर असतात. मुले घरी दखनी बोलतात, वर्गात उर्दू लिहितात, बाजारात आणि एस.टी.त मराठी बोलतात आणि पुढे जायचे म्हणून इंग्रजी घोकतात. अशा वर्गात एखादा शब्द समजावून सांगायचा म्हणजे त्याला चार घरांतून फिरवून आणावे लागते. गेल्या वर्षी असाच एक शब्द आमच्या वाट्याला आला. तो फिरत फिरत आमच्या स्वतःच्या घरात शिरला आणि आमच्याकडे हिशेब मागू लागला.

नववीच्या वर्गात आम्ही ‘ऑट टू’ शिकवत होतो. ‘आपण गरिबांना मदत केली पाहिजे’ हे वाक्य आम्ही फळ्यावर इंग्रजीत लिहिले आणि ‘ऑट’ म्हणजे उर्दूतले ‘चाहिए’, मराठीतले ‘पाहिजे’, असे सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “टीचर, ओ-यू-जी-एच-टी में जी-एच पढ़ने में नहीं आता, तो लिखते कायकू?” वर्ग हसला. “इंग्लिश है बेटा, मान लो,” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण ती खाली बसेना. “और टीचर, सबका पास्ट होता, ऑट का पास्ट क्या?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. बी.एड.ला पाठ टाचण कसे काढावे, फळ्याचा उपयोग कसा करावा, मुलांना प्रश्न कसे विचारावेत हे सारे आम्ही शिकलो होतो. मुलांनीच प्रश्न विचारला तर काय करावे, याचे टाचण आमच्याकडून कोणी काढून घेतले नव्हते. “कल बताती,” असे म्हणून आम्ही तास संपवला आणि रात्री जाडजूड शब्दकोश घेऊन बसलो.

‘जी-एच’चे उत्तर लवकर सापडले आणि ते आमच्या मुलींना समजायला अगदी सोपे निघाले. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्या जागी खरोखर उच्चार होत असे, आणि तो आपल्या उर्दूतल्या ‘ख़े’ या अक्षराच्या जवळचा होता. ‘ऑट’चे त्या काळचे रूप ‘आख़्ते’ असे काहीसे होते. जर्मन भाषेने तो घशातला उच्चार आजही जपला आहे. इंग्रजांच्या तोंडून तो गेला, कागदावर तेवढा राहिला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र साधे नव्हते. ‘ऑट’ला भूतकाळ नाही, कारण ‘ऑट’ हाच मुळात एका क्रियापदाचा भूतकाळ आहे. ते क्रियापद म्हणजे ‘ओ’, स्पेलिंग ओ-डब्ल्यू-ई. अर्थ देणे लागणे, कर्जदार असणे. आज त्याचा भूतकाळ ‘ओड’ असा करतात, पण ते रूप नंतर घडवलेले आहे. शेक्सपिअरच्या एका नाटकात हजार पौंडांच्या देण्याची गोष्ट निघते, तिथे ‘देणे लागत होतात’ या अर्थाने ‘ऑट’ हाच शब्द आला आहे. म्हणजे आज ज्या शब्दाने इंग्रज माणूस कर्तव्य सांगतो, तो एके काळी उधारीच्या वहीतला शब्द होता.

इथवर वाचून आम्ही शब्दकोश मिटणार होतो. पण खाली आणखी एक ओळ होती. हे ‘ओ’ सुरुवातीला कर्जाविषयी नव्हतेच. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘आगान’ होते आणि त्याचा अर्थ होता जवळ असणे, मालकीचे असणे. ‘स्वतःचे’ या अर्थाचा ‘ओन’ हा शब्दही त्याच क्रियापदापासून झाला. अगदी शेक्सपिअरच्या नाटकांतही कधी कधी ‘ओ’ हा शब्द ‘माझ्या मालकीचे आहे’ या जुन्या अर्थाने येतो. भाषेचे अभ्यासक आणखी मागे जातात आणि सांगतात की, ज्या मुळापासून हा शब्द आला त्याच मुळापासून संस्कृतातला ‘ईश्’ हा धातू आला. ईश म्हणजे स्वामी, मालक. तेव्हा इंग्रजीतला कर्जदार आणि संस्कृतातला ईश्वर हे दूरचे का होईना, पण नातलग आहेत!

आता प्रश्न असा की, मालक या अर्थाचा शब्द कर्जदाराकडे गेला कसा? हे कोडे मराठी आणि उर्दू बोलणाऱ्याला इंग्रजापेक्षा लवकर उलगडेल. आपण म्हणतो, ‘माझ्याकडे पुस्तक आहे.’ आणि म्हणतो, ‘मला पुस्तक द्यायचे आहे.’ उर्दूत, ‘मेरे पास किताब है’ आणि ‘मुझे किताब देनी है.’ दोन्हीकडे ‘आहे’ तेच. पहिल्या वाक्यात ते मालकी सांगते, दुसऱ्यात जबाबदारी. जुन्या इंग्रजीतही ‘त्याच्याजवळ द्यायचे आहे’ अशा धाटणीची वाक्ये होत. हळूहळू ‘द्यायचे’ हा भाग गळला आणि एकटे ‘ओ’च देणे सांगू लागले. पुढे त्याच भाषेत ‘हॅव’ हे क्रियापदही याच वाटेने गेले. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे, ‘हॅव टू’ म्हणजे करावे लागणे. एकाच भाषेत दोन क्रियापदे दोन वेगळ्या काळांत एकाच दिशेने चालत गेली. जवळ आहे इथून निघाली आणि दिले पाहिजे इथे पोचली.

शब्दाच्या जन्मावरून नीतीचा निकाल लागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. शब्द कुठून आला यावरून माणसाने कसे वागावे हे ठरत नसते. तरीही कधी कधी शब्दाचा जुना अर्थ आपण विसरलेली गोष्ट आठवून देतो. ज्याच्याकडे आहे, तो देणे लागतो, ही गोष्ट आम्हा मुसलमानांना कोणा शब्दकोशाने सांगायला नको होती. जकातीचा सारा पाया तोच आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची मालमत्ता गरजा भागून वर्षभर शिल्लक राहिली, तर तिच्यातले शेकडा अडीच आपले नाहीत. ते आपल्याजवळ आहेत, पण हक्क दुसऱ्याचा आहे. गरजूला आपण काही देत नाही, त्याचे त्याला परत करतो. आणि तरीही रमजानमध्ये एका किराण्याच्या पिशवीला चार हात लावून फोटो काढणारे आपल्यात आहेतच! उधारी फेडताना किराणा दुकानदाराबरोबर कोणी फोटो काढतो काय? मग इथेच का? फळ्यावरचे आमचे वाक्यही या कसोटीवर खोटे ठरत होते. ‘गरिबांना मदत केली पाहिजे’ यातला ‘मदत’ हा शब्दच चुकीचा होता.

कर्ज आणि कर्तव्य यांची ही गाठ एकट्या इंग्रजीत पडलेली नाही. आपल्या शेजाऱ्यांच्या परंपरेत माणूस जन्माला येतो तोच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण डोक्यावर घेऊन. जर्मन भाषेत ‘शुल्ड’ हा एकच शब्द कर्जालाही आहे आणि अपराधालाही. इंग्रजीतले ‘शॅल’ आणि ‘शुड’ त्याच घराण्यातले. नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाने १८८७ साली आपल्या नीतिविषयक ग्रंथात याच ‘शुल्ड’वर बोट ठेवले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसाची अपराधाची भावना सावकार आणि ऋणको यांच्या जुन्या व्यवहारातून जन्माला आली. आधी कर्ज बुडवणाऱ्याच्या अंगावरून वसुली होत असे, नंतर तोच सावकार आपण आपल्या मनात बसवला आणि त्याला विवेक हे नाव दिले.

नीत्शेचे हे म्हणणे आम्हाला बरेच दिवस टोचत राहिले. कारण त्यात अर्धे सत्य आहे. आमच्या वस्तीत किती माणसे असतील, जी केवळ कयामतच्या हिशेबाच्या भीतीने खरे बोलतात? पण आपल्या भाषेने या गाठीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले आहे. उर्दू शिकवताना आम्हाला रोज एक अडचण येते. दाल, ये, नून ही तीन अक्षरे जोडून लिहिली आणि वर जबर-जेर दिले नाही, तर मुले ‘दीन’ही वाचू शकतात आणि ‘दैन’ही. दीन म्हणजे धर्म, दैन म्हणजे कर्ज. अरबी कोशकार दोन्ही शब्द एकाच धातूखाली देतात. ‘कर्ज’ हा शब्द तर मराठीने अरबीतूनच घेतला, आणि त्याच्या मूळ धातूचा अर्थ आहे कापणे. उर्दूतली ‘मिकराज’ म्हणजे कात्री त्याच धातूची. ‘फर्ज’च्या धातूचाही एक अर्थ आहे खाच पाडणे, खूण करून वाटा ठरवणे. मालातून दुसऱ्याचा वाटा कापून वेगळा ठेवणे म्हणजे फर्ज! हा वाटा कोणाचा आहे, असा प्रश्न त्यात आहे. सावकाराची भीती त्यात नाही.

म्हणूनच असेल, कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजविषयी नाही, रोजाविषयीही नाही. ती सूरह बकरामध्ये आहे आणि उधारीचा व्यवहार कसा लिहून ठेवावा, साक्षीदार कसे असावेत, लिहिणाऱ्याने काय पथ्य पाळावे याविषयी आहे. इतक्या रोकड गोष्टीला इतकी मोठी जागा का, असे लहानपणी आम्हाला वाटे. आता वाटत नाही. कर्जाविषयीची एक हदीसही आपण सर्वांनी ऐकलेली आहे. एक जनाजा आणला गेला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले, याच्यावर काही कर्ज आहे काय? काही दिनार आहेत, असे लोकांनी सांगितले. मागे काही ठेवले आहे काय? नाही. तेव्हा प्रेषितांनी सोबत्यांना सांगितले की, तुम्हीच याची नमाज पढा. अखेर हजरत अबू कतादा यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, तेव्हा कुठे प्रेषितांनी नमाज पढवली. मृताचे ईमान किती, त्याने उपास किती केले, यातले काही विचारले नाही. विचारले ते एवढेच की, कोणाचे देणे आहे काय?

या हदीसीमुळेच आपल्याकडे जनाजाच्या नमाजेआधी घरातला कर्ता माणूस उभा राहून सांगतो की, मरहूमकडे कोणाचे काही येणे असेल तर आमच्याशी बोला, आम्ही जबाबदार आहोत. फार सुंदर रिवाज आहे. पण आता आम्हाला या रिवाजाची दुसरी बाजू सांगायची आहे, आणि ती दुसऱ्याच्या घरातली नाही.

आमचे अब्बा २०१७ साली गेले. त्यांचे सायकल दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. शिकलेले सातवीपर्यंत, पण हिशेबाला पक्के. एका जाड वहीत उजवीकडून डावीकडे ते सारे देणे-घेणे लिहून ठेवत. कोणाच्या टायरचे किती बाकी, घाऊक दुकानदाराच्या स्पोकचे किती द्यायचे, सगळे. आजारपणात त्यांनी थोरल्या भाईला जवळ बसवून एकेक देणे फेडायला लावले. त्या दिवशी मैदानात भाईने ठरल्याप्रमाणे पुकारा केला. कोणी पुढे आले नाही. लोक म्हणाले, माणूस साफ गेला. भाईने घरी येऊन हे सांगितले तेव्हा आम्हाला रडतानाही अभिमान वाटला.

पण अब्बांचा सर्वांत जुना सावकार मैदानात नव्हताच. तो घरात होता, पांढरी ओढणी घेऊन भिंतीला टेकून बसला होता. जनाजा उठायच्या आधी बायका शेवटचे दर्शन घेत होत्या. आमच्या एका खालाने अम्मीला धरून आणले आणि म्हणाली, “बोल, मेहर माफ किया बोल. उनकी रूह हलकी होने दे.” अम्मी नुसती पाहत राहिली. तिला ऐकू येत होते की नाही, कोण जाणे. बाहेर पुरुष घाई करत होते. तेव्हा आम्ही अम्मीचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “बोलो अम्मी.” अम्मी म्हणाली, “किया.” जनाजा उठला.

हे आम्ही केले. खालाने नाही, रिवाजाने नाही, आम्ही. आम्ही पदवीधर होतो, बी.एड. होतो, मुलींना हक्कावर निबंध लिहायला देत होतो.

अम्मीची इद्दत चालू असताना दुकानाच्या कागदपत्रांसाठी पत्र्याची ट्रंक उघडली आणि निकाहनामा हाती लागला. १९८१ सालचा. मेहर पाचशे एक रुपये. त्यापुढे एक शब्द होता, ‘मुअज्जल’. उर्दू जाणणाऱ्यांना माहीत आहे की, हे दोन शब्द आहेत आणि बोलताना दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. एकात ‘ऐन’ आहे, त्याचा अर्थ ताबडतोब द्यायचे. दुसऱ्यात ‘हमजा’ आहे, त्याचा अर्थ मुदतीने द्यायचे. आमच्या अम्मीच्या निकाहनाम्यात ‘ऐन’ होता. छत्तीस वर्षांत त्या ‘ऐन’चा ‘हमजा’ केव्हा झाला आणि हमजाचे ‘किया’ केव्हा झाले, ते घरात कोणाला कळलेही नाही.

आम्ही तेव्हा भावांजवळ विषय काढला होता. थोरले भाई रागावले नाहीत, दुखावले. म्हणाले, “अम्मीने माफ केले आहे. आणि अब्बांनी तिला काय कमी केले? राणीसारखी ठेवली. आयुष्यभराच्या गोष्टीचा तू पाचशे एक रुपयांत हिशेब करतेस?” यावर आम्हाला बोलता आले नाही. खरेच, अब्बा अम्मीशी फार चांगले वागले. त्या मानाने पाचशे एक म्हणजे काय? आम्ही निकाहनामा ट्रंकेत ठेवला. कुलूप लावले. त्याला आठ वर्षे होत आली होती, तेव्हा त्या मुलीने वर्गात ‘ऑट’चा भूतकाळ विचारला.

त्या रात्री शब्दकोशासमोर बसलो असताना भाईच्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पहिल्यांदा सुचले. इंग्रजीने एका शब्दाचे दोन केले. जे मोजता येते त्याला ‘ओ’ ठेवले, जे मोजता येत नाही त्याला ‘ऑट’ दिले. वाण्याचे देणे हे ‘ओ’, आईला जपणे हे ‘ऑट’. ही वाटणी फार शहाणपणाची आहे. कारण मोजता येणाऱ्या देण्याची पावती होते, ते संपते, माणूस मोकळा होतो. न मोजता येणारे देणे संपत नाही आणि संपूही नये. आपल्याकडे आई मुलाला दूध बख्शते, म्हणजे दुधाचे देणे स्वतःहून माफ करते. ते तिने आपण होऊन करायचे असते, कारण त्या देण्याची वही कोणाकडेच नसते. जो बाप मुलाला सांगतो, ‘तुझ्या शिक्षणावर इतके लाख घातले, ते वसूल झाले पाहिजेत,’ तो ‘ऑट’ला ‘ओ’च्या वहीत लिहितो आणि नाते बाजारात आणतो. ही एक चूक झाली.

पण आमच्या समाजात, आणि केवळ आमच्याच नव्हे, याच्या उलट चूक जास्त होते. मोजता येणारे देणे बुडवण्यासाठी आपण न मोजता येणारे मोठे शब्द पुढे करतो. जलसा संपताना आभार मानणारा म्हणतो, ‘मी आपले आभार मानणार नाही, आपल्या ऋणातच राहू इच्छितो.’ टाळ्या पडतात. मांडववाला मागे उभा असतो, त्याचे बिल बाकी असते. तोही ऋणातच राहतो! बहिणीला वारशातला वाटा द्यायची वेळ आली की, भाऊ म्हणतो, ‘माहेर तुझेच आहे, केव्हाही ये.’ घरकाम करणाऱ्या बाईला आपण घरातलीच मानतो, म्हणून तिचा पगार वाढवत नाही. घेता दिवाळी, देता शिमगा, ही म्हण काही उगीच पडलेली नाही. ‘राणीसारखी ठेवली’ हेही त्यातलेच वाक्य. राणीसारखी ठेवली ही ‘ऑट’ची बाब झाली आणि त्याबद्दल अब्बांना सवाब मिळो. पाचशे एक ही ‘ओ’ची बाब होती. एकाची पावती दुसऱ्याच्या खात्यावर लागत नाही.

वाचक म्हणतील, पण अम्मीने माफ केले होते ना? सूरह निसामध्ये मेहर खुशीने देण्याचा हुकूम आहे आणि बायकोने आपल्या मनाच्या खुशीने त्यातले काही सोडले तरच ते घेण्याची मुभा आहे. खुशी ही त्यातली अट आहे. नवऱ्याचे प्रेत समोर असताना, दहा बायका पाहत असताना आणि पोटची मुलगी हात दाबत असताना उच्चारलेल्या ‘किया’मध्ये किती खुशी असेल? आपल्याकडे न्यायालयेही मेहरला नवऱ्यावरचे कर्जच मानतात आणि मोकळ्या मनाने न दिलेली माफी धरत नाहीत. माफी ही देण्याची गोष्ट आहे. इंग्रजीतल्या ‘फरगिव्ह’मध्ये ‘गिव्ह’ म्हणजे देणे उघडच बसलेले आहे. जे ओढून घ्यावे लागते ते देणे नव्हे. कर्जदाराने माफी मागावी, पण आधी देणे कबूल करून, रक्कम सांगून. आम्ही अम्मीला रक्कमही सांगितली नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही भावांना बोलावले. निकाहनामा समोर ठेवला. धाकट्या भावाने विचारले, “आपा, हिशेब कशात करायचा? तेव्हा पाचशे रुपयांत अडीच-तीन ग्रॅम सोने येत असेल. आज त्याचे कितीतरी होतात.” थोरले भाई बराच वेळ निकाहनामा वाचत होते. मग म्हणाले, “लिहिले आहे ते पाचशे एक. ते अब्बांच्या मालातून आधीच निघायला हवे होते, वाटणीच्या अगोदर. ते आजच देऊ. वरचे जे आहे ते आपण तिघांनी अम्मी आहे तोवर देत राहायचे.” शब्दकोश त्यांनी उघडलेला नव्हता, पण ‘ओ’ आणि ‘ऑट’ त्यांनी आमच्यापेक्षा नीट वेगळे केले.

अम्मीच्या हातात भाईने पाकीट दिले आणि सांगितले, “अम्मी, अब्बा की तरफ से. मेहर का.” आम्हाला वाटले, ती रडेल किंवा नको म्हणेल. तिने पाकीट उघडले. भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेताना न मोजणारी आमची अम्मी, तिने त्या नोटा दोनदा मोजल्या. मग म्हणाली, “तेरे अब्बा देनेवाले थे. जमा करके रखे थे. दुकान का शटर बनाए, उसमें लग गए.”

म्हणजे अम्मीला सारे आठवत होते. शटरसुद्धा. त्या दिवशी ‘किया’ म्हणतानाही आठवत असेल. आम्ही खाली मान घालून बसलो. ते पैसे तिने कपाटात ठेवले. पुढे त्यांचे काय केले, हे आम्ही विचारले नाही. ज्याचे त्याला दिल्यावर विचारण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्या मुलीला उशिराने का होईना, तिच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिली. ‘ख़े’ची गोष्ट ऐकून मुली खूश झाल्या, इंग्रजांना आपला ‘ख़े’ जमत नाही, याचे त्यांना फार कौतुक वाटले. मग फळ्यावरचे जुने वाक्य पुन्हा लिहिले आणि त्याचे उर्दू करायला सांगितले. बहुतेकींनी ‘मदद करनी चाहिए’ असेच लिहिले, आणि परीक्षेत तेच बरोबर धरले जाईल. त्या मुलीच्या वहीत मात्र ‘मदद’ खोडून वर ‘हक’ लिहिलेले होते. आम्ही तिला पूर्ण गुण दिले.

वाचकांना आमची एकच विनंती आहे. आपल्या घरातला जनाजा निघेल, तेव्हा मैदानातला तो पुकारा अवश्य करा. पण त्याआधी एकदा घरात पुकारा करा. घरात जी बाई बसली आहे, तिला ‘माफ कर’ म्हणू नका. तिला विचारा, ‘तुझे किती येणे आहे?’ आणि तेव्हाही ती दुःखात असेल, तर तिच्याकडून उत्तर काढून घेऊ नका. निकाहनामा उघडा. त्यात लिहिलेले आहे. आणि ज्यांचे अब्बा हयात आहेत, ज्यांचे नवरे हयात आहेत, जे स्वतः नवरे आहेत, त्यांनी तर जनाजाची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. ट्रंक आजही उघडता येईल.